लुक्का : बोटानं वाचायचं गाव

दिवस पहिला : ११ सप्टेंबर २०१८

लुक्काच्या स्टेशनातून बाहेर पडलं की गाव दिसतच नाही. समोर गवताचा रुंद पट्टा, त्याच्या पलीकडे तांबूस विटांचा तट आणि तटावर मोठमोठ्या झाडांची रांग. आत्यानं बॅग खाली टेकवली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अगं, हा तर भुईकोट आहे!"

आत्या वाईची. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. मी नोकरीमुळे म्युनिकला असते. ती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. इटलीत कुठं जाऊया असं विचारल्यावर तिनं पर्समधून एक जुनं, घड्या पडलेलं कात्रण काढलं. एका चर्चच्या दर्शनी भिंतीचा फोटो. भिंतीवर मजल्यावर मजले सज्जे, सज्ज्यांत ओळीनं उभे केलेले बारीक खांब, आणि त्यातला एक खांब दुसऱ्यासारखा नाही. "हे काढायचंय मला," ती म्हणाली. कात्रणाखाली गावाचं नाव होतं, म्हणून आम्ही फ्लोरेन्सहून सव्वा-दीड तासाची गाडी पकडून इथं उतरलो.

तट सोळाव्या-सतराव्या शतकातला. परीघ चार किलोमीटरहून थोडा जास्त. तोफांच्या काळात बांधलेला, त्यामुळे उंचीपेक्षा रुंदीवर भर. आत माती दाबून भरलेली, आणि बाहेर बाणाच्या फाळासारखे पुढे आलेले बुरूज. या तटाला शत्रूनं वेढा घालायची वेळ कधी आलीच नाही. तो खरा कामी आला १८१२ मध्ये, सेर्किओ नदीला महापूर आला तेव्हा. लोकांनी दरवाजे बुजवले आणि नदी बाहेर थोपवून धरली. तेव्हा नेपोलियनची बहीण एलिझा इथं राज्य करत होती. ती बाहेर अडकली आणि तिला तटावरून उचलून आत घ्यावं लागलं, असं गावात सांगतात. आज तटावर लोक सायकली चालवतात, म्हातारी माणसं सावलीत बसून गप्पा मारतात.

आम्ही शिरलो तो सान पिएत्रो दरवाजा. कमानीवर एकच लॅटिन शब्द कोरलेला आहे : लिबेर्तास, म्हणजे स्वातंत्र्य. शेजारी पिसा, फ्लोरेन्स असे दांडगे शेजारी असताना हे गाव थोडे काळ वगळता शतकानुशतकं स्वतंत्र प्रजासत्ताक राहिलं, थेट १७९९ पर्यंत. परगावाहून येणाऱ्या प्रत्येकाला आत पाऊल टाकण्याआधीच ते सांगून टाकायची सोय या दरवाजावर केलेली आहे. आत्यानं वही काढली ती तिथंच, रहदारीच्या कडेला उभ्या उभ्या.

संध्याकाळी खोलीवर सामान टाकून नुसतेच फिरलो. रस्ते आधी सरळ, काटकोनात छेदणारे. ही रोमन वसाहतीची आखणी, दोन हजार वर्षं टिकलेली. मग विया फिलुंगो या बाजाराच्या गल्लीतून चालताना उजवीकडची घरं हळूहळू वाकायला लागली. म्हणजे घरांची भिंतच वळत जात होती. आत्या थबकली. "घरं कुणी गोल बांधतं का? याच्या खाली काहीतरी गोल आहे."

बरोबर होतं तिचं. एका बुटक्या कमानीतून आत गेलो आणि समोर लंबगोल चौक उघडला. पिवळसर रंगाची, कमी-जास्त उंचीची घरं एकमेकांना खेटून, पूर्ण वेढा घालून उभी. पहिल्या-दुसऱ्या शतकात इथं रोमन रंगमंडल होतं. ग्लॅडिएटरांच्या झुंजी व्हायच्या, हजारो लोक बसायचे. साम्राज्य संपल्यावर संगमरवर लोकांनी चर्चांसाठी उचलून नेला, आणि उरलेल्या कमानींच्या पोटात घरं घातली. ही कमान माझी, ती तुझी, असं करत करत पूर्ण वर्तुळ भरलं. मधल्या मोकळ्या जागेतही बांधकामं झाली. पुढे १८३० च्या दशकात लोरेन्झो नोत्तोलीनी या वास्तुकारानं मधली गर्दी हटवली आणि रोमन लोकांनी सोडलेला आकार पुन्हा मोकळा झाला. जुनी जमीन आजच्या फरशीच्या काही मीटर खाली आहे.

चौकात हॉटेलांच्या छत्र्या, टेबलं, फोटो काढणारे लोक. तिथं आम्ही फार थांबलो नाही. बाहेरच्या अंगानं, मागच्या गल्लीतून फिरलो, आणि मला तोच भाग जास्त आवडला. तिथं घरांच्या गिलाव्यातून मूळ रोमन कमानी अजून डोकावतात. एका कमानीत दुचाकी लावलेली, दुसरीवर कपडे वाळत टाकलेले. आत्यानं एका कमानीचा दगड आणि त्यात घुसलेली वीट, हा सांधा नीट जवळ जाऊन पाहिला. "इथं बघ. हा दगड घडवणारा आणि ही वीट लावणारा, दोघांमध्ये हजार वर्षं असतील. पण विटेवाल्यानं दगडाची पातळी धरलीय, मोडली नाही."

रात्री जेवायला चेचीना. हरभऱ्याच्या पिठाचं पातळ मिश्रण, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड भुरभुरवतात. आत्या शाकाहारी, त्यामुळे मला तिच्या जेवणाची काळजी होती. पहिला घास घेतल्यावर ती म्हणाली, "हे आपलं बेसनाचं धिरडंच की. भट्टीतलं." चार दिवस आम्ही रोज एकदा तरी ते खाल्लं.

दिवस दुसरा : १२ सप्टेंबर

सकाळी आठलाच सान मार्तीनोच्या कॅथेड्रलसमोर. कात्रणातली भिंत प्रत्यक्षात उभी होती आणि आत्या बराच वेळ काहीच बोलली नाही.

ही दर्शनी भिंत सरळ नाही, हे आधी लक्षात येतं. खाली तीन कमानींची खोल ओसरी आहे. डावी आणि मधली कमान ऐसपैस, उजवी मात्र अंग चोरून उभी. कारण उजव्या हाताला घंटाघर आहे आणि ते या भिंतीच्या आधीपासून होतं. कारागिरांनी घंटाघर पाडलं नाही, त्याला वळसाही घातला नाही. आपली कमानच लहान केली. आत्याला हे फार पटलं. "वाड्यात नाही का, जुनं झाड असलं की ओटा तिथं थोडा आत घेतात."

त्या घंटाघराकडेही बघण्यासारखं आहे. खालच्या मजल्याला खिडकी एकच आणि अरुंद, वर जाल तशा खिडक्या वाढत जातात. भार खाली, मोकळीक वर. हे इमारतीचं व्याकरण आहे, पण खाली उभं राहून वर नजर नेताना दगड हळूहळू श्वास घेतोय असं वाटतं.

आणि सज्जे. तीन मजले, आणि प्रत्येक खांब वेगळा. एक पिळाचा, एक नागमोडी रेघांचा, एकावर वेलबुट्टी, एकावर पांढऱ्या संगमरवरात हिरव्या-काळ्या दगडाचं जडवकाम. खांबांच्या वरच्या पट्टीत पक्षी, श्वापदं, शिकारी. गावात गोष्ट अशी सांगतात की, सर्वांत सुंदर खांबाची स्पर्धा लावली होती. प्रत्येक कारागिरानं आपला एकेक खांब करून आणला. गावकऱ्यांनी सगळे ठेवून घेतले आणि पैसे कुणालाच दिले नाहीत. गोष्ट झाली, पण आत्याचा तिच्यावर विश्वास बसला नाही. ती सांगू लागली की हात वेगवेगळे असले तरी ओळ एक आहे, मापं जुळलेली आहेत, म्हणजे वर कुणीतरी एकजण बसून हे सगळं सांभाळत होता.

तो एकजण सापडतोही. पहिल्या सज्ज्यात एक माणूस हातात लेखाची पट्टी धरून आहे. साल १२०४, आणि पुढे अशा अर्थाचं : हे इतकं सुंदर काम ग्विदेत्तोच्या उजव्या हातानं केलं. हा कोमो भागातून आलेला ग्विदेत्तो. त्यानं स्वतःच्या नावाआधी स्वतःच्या हाताला मान दिला, हे ऐकून आत्यानं वहीत पेन्सिल ठेवली आणि आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. संधिवातानं तिची बोटं आता थोडी वाकलीत.

तिला खांब काढत बसवून मी ओसरीत शिरले. खरं तर लुक्काबद्दल मी वाचून आले होते ते ओसरीतल्या एका खुणेसाठी. घंटाघराच्या बाजूच्या जाड खांबावर, उभ्या माणसाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, दोन-अडीच वीत रुंदीचं एक वर्तुळ कोरलेलं आहे. आत अकरा फेऱ्यांची वाट. वळते, मागे फिरते, पुन्हा वळते आणि शेवटी मध्यावर पोचते. शेजारी लॅटिन ओळी उभ्या कोरल्यात. त्यांचा अर्थ असा : क्रीटच्या देदालसनं बांधलेला हा तो चक्रव्यूह. यात शिरलेला कुणीही बाहेर पडू शकला नाही, आरियाद्नेच्या दोऱ्याची मदत मिळालेला थेसियस तेवढा सुटला. ग्रीक पुराणकथेत आरियाद्ने थेसियसला परतीची वाट सापडावी म्हणून दोरा देते. कोरणाऱ्यानं तिचं नाव ‘आद्रियाने’ असं कोरलंय. सातआठशे वर्षं ते तसंच आहे.

मध्यावर थेसियस आणि बैलाचं डोकं असलेला राक्षस यांच्या आकृत्या होत्या असं म्हणतात. आता तिथं गुळगुळीत खळगा आहे. शतकानुशतकं लोकांनी बोट फिरवून फिरवून तो झिजवला. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये याच घाटाची वाट फरशीवर आहे, सुमारे तेरा मीटर रुंद. ती पायांनी चालायची. इथली बोटानं.

आम्ही दगडाला हात लावला नाही. इतकी झीज झाल्यावर आणखी आपली भर कशाला. आत्या आली, तिनं तो चक्रव्यूह वहीच्या पूर्ण पानावर उतरवून घेतला, त्याला पाऊण तास लागला, आणि मग ओसरीच्या पायरीवर बसून आम्ही त्या पानावर आळीपाळीनं बोट फिरवलं. गंमत तेव्हा कळली. आत शिरल्यावर थोड्याच वळणांत तुम्ही अगदी मध्यापाशी येता. आता पोचलोच, असं वाटतं. आणि तिथून वाट तुम्हाला उचलून बाहेरच्या फेऱ्यांवर नेऊन टाकते. मग कितीतरी वेळ कडेकडेनं फिरत राहायचं, आणि जेव्हा मध्य सर्वांत लांब वाटतो तेव्हा दोन-चार वळणांत तो हाताशी येतो.

"पण फाटा कुठंच नाही," आत्या म्हणाली. "चुकायची सोयच नाही यात. वाट एकच आहे तर दोरा कशाला लागला त्याला?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. भूलभुलैयात फाटे असतात, इथं नाहीत. थेसियसच्या गोष्टीतलं चुकणं आणि इथं दगडावर कोरलेली एकेरी वाट यांचा मेळ खरंच बसत नाही. मी म्हटलं, आत असताना वरून दिसत नाही ना, अंधारात एकच वाटही भरवशाची वाटत नसेल. तिनं ते कानाआड केलं नाही आणि मान्यही केलं नाही. तिला अभिमन्यू आठवला. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर महाभारताच्या पट्टीत चक्रव्यूह असाच वळणावळणांचा कोरलेला आहे. मुलांची सहल नेली होती तेव्हा तिनं तोही उतरवून घेतला होता. तेही बाराव्या शतकातलं देऊळ. "त्याला कुणी दोरा दिला नाही," एवढंच ती बोलली आणि पान उलटलं.

याच ओसरीत दरवाजाजवळ एक लांबलचक लेख आहे. बरेच लोक त्याच्याखालून तसेच आत जातात, मीही जाणार होते. साल ११११. कॅथेड्रलच्या या अंगणात पैसे बदलून देणाऱ्या सराफांनी आणि मसाले, काष्ठौषधी विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी घेतलेली शपथ त्यात कोरली आहे. सगळ्या लोकांना इथं विश्वासानं पैसे बदलता यावेत, विकता-घेता यावं, म्हणून आम्ही शपथ घेतो की, सान मार्तीनोच्या अंगणात चोरी करणार नाही, फसवणूक करणार नाही, खोटेपणा करणार नाही.

ही शपथ इथं का, ते रस्त्याचा विचार केला की समजतं. इंग्लंडच्या कॅंटरबरीहून रोमला जाणारा यात्रेकरूंचा मार्ग, विया फ्रांचिजेना, लुक्कावरून जातो. दूरदेशीचे लोक, खिशात परकी नाणी, भाषा येत नाही, पाय सुजलेले. अशा माणसाला नाडणं सर्वांत सोपं. पंढरीच्या वाटेवर जत्रेच्या गावात भाव कसे चढतात, हे आत्यानं आयुष्यभर पाहिलंय. ती त्या लेखासमोर हात जोडून उभी राहिली. एरवी ती देवासमोरही पटकन हात जोडत नाही.

मधल्या दरवाजाच्या दोन्ही बाजूंना बारा महिन्यांचे पट आहेत. ओसरीतलं हे काम १२३३ मध्ये सुरू झालं, तशी नोंदही भिंतीवर आहे. जानेवारीत माणूस शेकोटीपाशी बसलाय. फेब्रुवारीत मासे धरतोय. जूनमध्ये कापणी, जुलैत मळणी, सप्टेंबरमध्ये द्राक्षं तुडवणं, डिसेंबरमध्ये डुक्कर कापणं. कॅथेड्रलच्या मुख्य दरवाजाशेजारी संत मार्टिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, आणि त्यांच्या जोडीला हे शेतकऱ्याचं वर्ष. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला इथं स्वतःचं वर्ष तरी वाचता येत होतं. आमचा महिना सप्टेंबर, तो माणूस टोपात उभा राहून द्राक्षं तुडवतोय. आम्ही ज्या गाडीनं आलो तिच्या खिडकीतून द्राक्षाचे मळे दिसले होते.

आमच्याजवळ एक छोटी पर्यटन-पुस्तिका होती. तिच्यात चक्रव्यूहाला एका गुप्त पंथाची खूण ठरवलं होतं आणि खांबांवरच्या श्वापदांना कसलेसे सांकेतिक इशारे. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्याला राग आला. ती म्हणाली, "महिनोन्‌महिने छिन्नी चालवून, भर दरवाजात, हाताच्या उंचीवर कुणी गुपित लिहितं का? हे लपवलेलं नाही. आपल्याला वाचायची सवय राहिली नाही." पुस्तिका मी बॅगेत खोल ठेवून दिली.

आत आम्ही एकाच ठिकाणी थांबलो. इलारिया देल कार्रेत्तो, लुक्काचा सत्ताधीश पाओलो ग्विनीजी याची दुसरी बायको, १४०५ मध्ये बाळंतपणानंतर गेली. वय पंचविशीच्या आसपास. याकोपो देल्ला क्वेर्चानं पुढच्या दोन-तीन वर्षांत तिची संगमरवरी समाधी घडवली. गळ्यापर्यंत येणारी उंच कॉलर, डोईवर गुंडाळलेलं जाड फुलांचं वेटोळं, आणि पायाशी एक छोटा कुत्रा, निष्ठेची खूण. तो मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघतो. बाकी सगळं झोपलेलं आहे, फक्त तो जागा आहे. १४३० मध्ये पाओलोची सत्ता गेली आणि लोकांनी समाधी मोडली, तुकडे पांगले. ती पुन्हा जुळवली गेली ती फार नंतर. आत्यानं हिचं चित्र काढलं नाही. नुसती बघत राहिली.

दिवस तिसरा : १३ सप्टेंबर

आज रात्री लुमिनारा, म्हणजे दिव्यांची मिरवणूक. वोल्तो सान्तो (‘पवित्र चेहरा’) या गावच्या क्रूसाचा उत्सव, आणि आम्ही मुद्दाम याच तारखा धरल्या होत्या. सकाळीच शिड्या लावून लोक खिडक्यांच्या कडांवर, कमानींच्या रेषांवर काचेचे छोटे पेले मांडत होते.

दिवसभर वेळ होता म्हणून सान मिकेले इन फोरोला गेलो. ‘इन फोरो’ म्हणजे रोमन फोरमच्या जागेवरचं. गावाचा बाजारचौक दोन हजार वर्षं त्याच जागी आहे. या चर्चची दर्शनी भिंत मागच्या छपराच्याही कितीतरी वर उठते. बाजूनं पाहिलं तर वरचे दोन मजले नुसते आकाशाला टेकून उभे दिसतात. सर्वांत वर देवदूत मायकेल, धातूच्या पंखांचा. त्याच्या बोटातल्या अंगठीत खरा हिरा आहे आणि विशिष्ट जागी उभं राहिलं की रात्री तो चमकतो, असं लहान मुलांना सांगतात. तीन मुलं खरंच जागा बदलून बदलून वर बघत होती, भर उन्हात.

इथंही खांब वेगवेगळे. पण आत्याला काहीतरी खटकत होतं. तिनं दुर्बीण मागून घेतली आणि कमानींमधले चेहरे एकेक करून बघायला लागली. "हा तर कोटवाला वाटतोय. ही दाढी तेराव्या शतकातली नाही." आणि खरंच, एकोणिसाव्या शतकात या भिंतीची मोठी दुरुस्ती झाली तेव्हा झिजलेल्या मध्ययुगीन चेहऱ्यांच्या जागी नवे बसवले गेले. इटली नुकतीच एक होत होती. त्यामुळे वर आज कवी दान्ते आहे, आणि इटलीच्या एकीकरणाचे पुढारी काव्हूर, गारिबाल्डी आहेत. जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धारात टोपी घातलेला शिपाई कोरून ठेवलेला असतो, तसंच हे. मला आधी वाईट वाटलं होतं. आत्याला नाही. ती म्हणाली की झिजलेल्या जागी आपल्या काळाचा माणूस बसवणं, ही कारागिराची जुनी रीत आहे. निदान त्यानं खोटं म्हातारपण चढवलेलं नाही.

दुपारी सान फ्रेदियानो. बाहेर सोनेरी मोझेक, आत बाराव्या शतकातलं बाप्तिस्म्याचं मोठं गोल कुंड. त्यावर मोझेसच्या मागे लागलेलं फॅरोचं सैन्य तांबडा समुद्र ओलांडतंय, आणि त्या इजिप्शियन सैनिकांच्या अंगावर युरोपातल्या सरदारांची साखळीची चिलखतं. कारागिरानं जे सैन्य डोळ्यांनी पाहिलं होतं तेच कोरलं. शेजारच्या देवघरात काचेच्या पेटीत संत झिताचा देह आहे. ती घरकाम करणारी मोलकरीण होती, १२७२ मध्ये गेली. मालकाच्या घरची भाकरी ओच्यात घालून गरिबांना द्यायला निघाली, वाटेत अडवलं, ओचा उघडला तर आत फुलं. दरवर्षी २७ एप्रिलला तिच्या दिवशी या भागात फुलांचा बाजार भरतो. दान्तेच्या काळी लुक्काच्या माणसाची ओळख सांगायची तर झिताचं नाव घेत. एका मोलकरणीच्या नावानं ओळखलं जाणारं गाव.

रात्री आठ वाजता मिरवणूक इथूनच निघते, कारण वोल्तो सान्तोची गोष्टच इथून सुरू होते. हा लाकडी क्रूस, त्यावर उभा येशू, अंगभर झगा, कमरेला पट्टा, डोळे टक्क उघडे. बायबलमधल्या निकोदेमस या येशूच्या अनुयायानं घडवायला घेतला, चेहरा मात्र जमेना, तो झोपला असताना देवदूतांनी पुरा केला. मग नावाडी नसलेल्या जहाजातून लुनीच्या किनाऱ्याला लागला, हाकणारा नसलेल्या बैलगाडीतून लुक्काला आला. आधी सान फ्रेदियानोत ठेवला, तर सकाळी सापडला सान मार्तीनोजवळच्या बागेत. म्हणून तो तिथं, आणि म्हणून दरवर्षी लोक एका चर्चपासून दुसऱ्यापर्यंत चालत जातात. मध्ययुगात या चेहऱ्याची ख्याती एवढी होती की इंग्लंडचा राजा दुसरा विल्यम ‘लुक्काच्या चेहऱ्याची शपथ’ असं म्हणायचा. गावच्या नाण्यावरही हाच चेहरा.

अंधार पडला तसे पेले पेटले. घरांच्या भिंती दिसेनाशा झाल्या आणि फक्त रेषा उरल्या. खिडकीची चौकट, कमानीचा वळसा, सज्ज्याची कड, सगळं ज्योतींनी आखलेलं. दिवसभर जे आम्ही दगडात शोधत होतो ते कुणीतरी काळ्या कागदावर पिवळ्या रेघांनी काढून दाखवलं होतं. आत्या मला घट्ट धरून चालत होती, गर्दी खूप होती, आणि ती दर दहा पावलांनी थांबून म्हणायची, "बघ, नुसती बाह्यरेषा. मी मुलांना हेच सांगायचे, आधी बाह्यरेषा बघा." शेजारच्या एका दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक आजीबाई विझलेला पेला लांब काडीनं पुन्हा पेटवत होत्या. वारा आला, पुन्हा विझला, पुन्हा पेटवला. खाली गर्दी पुढे सरकत होती आणि त्या एका पेल्यापाशीच होत्या.

सान मार्तीनोत पोचायला खूप वेळ लागला. मातेओ चिवितालीनं १४८० च्या दशकात बांधलेल्या छोट्या अष्टकोनी मंदिरात वोल्तो सान्तो उभा असतो. उत्सवासाठी त्याला काळ्या मखमलीचा, सोन्याच्या कामाचा पोशाख, डोक्यावर मुकुट, पायात चांदीचे जोडे घालतात. उजव्या पायाखाली एक प्याला ठेवलेला असतो. त्याची गोष्ट अशी : एका गरीब गायकाकडे वाहायला काही नव्हतं, म्हणून त्यानं समोर गाणं म्हटलं. मूर्तीनं पाय झटकून चांदीचा जोडा त्याच्याकडे टाकला. चोरीचा आळ आला, मग खरं कळलं, पण जोडा पुन्हा पायात नीट बसेना. म्हणून खाली प्याल्याचा आधार. आत्यानं ही गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग टाचा उंचावून प्याला दिसतो का ते पाहत राहिली, आणि दिसला तेव्हा माझा दंड दाबला.

हा क्रूस मूळचा नसून बाराव्या-तेराव्या शतकातली प्रत असावी, असं कितीतरी वर्षं अभ्यासक मानत आले होते. आम्ही परतल्यावर दोन वर्षांनी, २०२० मध्ये, कार्बन चाचणीचे निकाल आले. लाकूड आणि त्यावरचं कापड आठव्या शतकाच्या अखेरीपासून नवव्या शतकापर्यंतच्या काळातलं निघालं. युरोपात टिकलेल्या सर्वांत जुन्या लाकडी मूर्तींत त्याची गणना झाली. मी बातमी वाचून वाईला फोन लावला. आत्या म्हणाली, "म्हणजे दंतकथेतलं साल फारसं चुकलं नव्हतं." दंतकथा ७४२ म्हणते.

दिवस चौथा : १४ सप्टेंबर

दुपारची गाडी. सकाळी मी एकटीच ग्विनीजींच्या मनोऱ्यावर चढले, दोनशेहून जास्त पायऱ्या, आत्याच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. विटांचा चौकोनी, चौदाव्या शतकातला मनोरा, आणि माथ्यावर सात ओकची झाडं. खालून पाहिलं की छपरांतून कुणीतरी गुच्छ वर धरलाय असं वाटतं. वरून काल-परवाची सगळी ठिकाणं एका नजरेत आली. सान मिकेलेची एकटीच उंच उठलेली भिंत, आणि लाल कौलांच्या दाटीत रंगमंडलाचा तो लंबगोल, जमिनीवरून जो फक्त वाकत जाणाऱ्या भिंतीनं कळला होता.

खाली आले तर आत्या ठरलेल्या बाकावर नव्हती. मला अंदाज होता. सान मार्तीनोसमोर सफाई कामगार फरशीवर सांडलेलं मेण खरवडत होते आणि ती पायरीवर बसून राहिलेले खांब काढत होती. वही संपत आली होती, म्हणून शेवटची पानं तिनं आडवी-उभी दुमडून त्यात दोन-दोन खांब बसवले होते. पहिल्या सज्ज्याचे सगळे झाले, दुसऱ्याचे निम्मे. तिसऱ्यापर्यंत तिची नजर नीट पोचत नव्हती.

"किती वाजता निघायचंय?" तिनं विचारलं.

"अर्ध्या तासानं."

"मग दोन होतील." तिनं पेन्सिलीला टोक केलं. वाटेत घेतलेला बुच्चेल्लातो, बडीशेपेचा वास असलेला मनुकांचा गोड पाव, मी तिच्या हाताशी ठेवला आणि शेजारी बसून दुर्बिणीतून तिसऱ्या सज्ज्यातला पहिला खांब तिला सांगू लागले : खालून वर पीळ, डावीकडून उजवीकडे, चार वेटोळी, मग पानं.